पाच काऊन आणि एक सही

कुंदा, पास झालो!

काल संध्याकाळी परीक्षकांची गाडी फाटकाबाहेर वळली आणि मनोहर ड्रायव्हरने शेडमधल्या सगळ्या ॲम्ब्युलन्सचे सायरन एकदम सुरू केले. वॉर्डातून सिस्टर धावत आली, तिला वाटलं कुठे मोठा अपघात झाला. आपली मेकॅनिक जैवंता तिला म्हणाली, "काही नाई झालं सिस्टर, आपलं वर्कशॉप पास झालं." मग सिस्टरच नाचायला लागली. डॉक्टर मॅडम, तुझी ती वसतिगृहातली मैत्रीण, पेशंट तपासता तपासता तशाच बाहेर आल्या आणि त्यांनी जैवंताला मिठी मारली. जैवंताच्या हाताच्या ग्रीसचे दोन पंजे त्यांच्या पांढऱ्या कोटावर उमटले. कोट धुवायला टाकू का, असं सिस्टरने विचारलं तर म्हणाल्या, आज नको.

तुझी तेरवी होऊन फार दिवस झाले नाहीत. आरमोरीच्या घरी कोणी भेटायला आलं की माय अजून तुझ्याबद्दल "आहे" असंच बोलते. आज मीही तसंच बोलणार आहे. हे भांडण तुझं-माझं, जन्मभराचं, आणि त्यातली इतकी मोठी बातमी तुला पहिल्यांदा सांगितली नाही तर तू मला सोडणार नाहीस.

आपलं भांडण दुसऱ्याला समजावून सांगायला गेलं की लोक आधी हसतात. बहीणभाऊ भांडतात ते घरावरून, शेतावरून. आपण भांडलो ते मोटारीच्या कारखान्यातलं गुणवत्तेचं मानक भारी की विमान दुरुस्तीतलं, यावरून. बाबा आरमोरीच्या राइस मिलमध्ये मिस्त्री होते. धानाच्या हंगामात मिलचा पट्टा घासायला लागला की तो आवाज आपण दोघं अंथरुणात पडल्या पडल्या ओळखायचो. मोठा झाल्यावर मी पुण्याकडे गेलो, ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला लागलो. तू नागपूरला विमान दुरुस्ती शिकलीस आणि हैदराबादच्या एका हँगरमध्ये लायसन मिळवून सही करणारी इंजिनिअर झालीस. गावात सगळ्यांना वाटायचं पोरगी एअर होस्टेस झाली. माय समजावून थकायची, "नाई जी, चहा देते ते येगळी. आमची विमानाचे बोल्ट आवळते."

दिवाळीला दोघं घरी आलो की हातपाय धुवायच्या आधी सुरू.

"दादा, तुमच्या कारखान्यात दहा लाख नगांमागं खराब किती निघतात?"

"असेच, दोन-चार."

"म्हणजे दोन-चार लोकायच्या गाडीचे ब्रेक."

"अवं, ते बाहेर नाई जात. आतच पकडतो आम्ही."

"पकडता म्हणजे जन्माले तर येतात ना?"

"आणि तुमचं काय? एका बोल्टाले दोन माणसं आणि तीन सह्या. असे ब्रेक बनवले तर गाडी मिळायले लोकायले सात जन्म लागतीन."

माय चुलीपुढून ओरडायची, "आता जेवून घ्या, मंग विमान उडवा."

आज शांतपणे मांडतो, तू मध्ये तोंड घालणार नाहीस म्हणून. दोन्ही मानकांचा पाया तोच, आयएसओ नऊ हजार एक. तू म्हणायचीस, "माय एकच आहे, लेकी दोन घरी दिल्या." माझ्या घरी एकाच आकाराचा भाग लाखोंनी बनतो. तिथे शत्रू म्हणजे फरक, पहिला आणि लाखावा नग यांतला फरक. म्हणून भाग बनायच्या आधीच सगळ्यांनी बसून विचार करायचा, की हा कसकसा बिघडू शकतो. मशीनच अशी करायची की चुकीचा तुकडा तिच्यात बसूच नये. आणि माल पुरवणाऱ्याच्या घरापर्यंत जाऊन त्याचीही घडी नीट बसवायची. माणसाला दोष द्यायचा नाही, पद्धतीतला दोष शोधायचा. तुझ्या घरी यंत्र आधीच बनलेलं असतं, दुसऱ्याच कोणीतरी बनवलेलं. ते जुनं होऊन तुझ्यापुढे येतं आणि प्रत्येकाचा इतिहास वेगळा. तिथे सरासरी काही कामाची नाही. प्रश्न एकच, हे एक विमान आज उडायला लायक आहे का? म्हणून प्रत्येक सुट्या भागाच्या जन्माचा कागद हवा, काम संपल्यावर प्रत्येक पाना मोजून परत हवा, काम करणाऱ्याची झोप झाली होती का तेही पाहायला हवं. आणि शेवटी एका माणसाने आपलं नाव घालून म्हणायचं, हो, मी पाहिलं.

हे तू कामापुरतं ठेवायचीस असंही नाही. मार्कंड्याच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात बसायला आपण रांगेत होतो, आठवतं? तू पाळणेवाल्याला विचारलंस, "या खुर्च्यायच्या पिना कोणी पाह्यल्या?" तो हात जोडून देवळाकडे पाहत म्हणाला, "देव पाहून राह्यला ना बाई." तू रांग सोडून सरळ खाली शिरलीस. एका खुर्चीची पिन खरंच नुसती अडकवलेली होती, तिच्या टोकाची तार गायब. तू त्याच्याकडून तार मागून घेतलीस, पिळून बसवलीस आणि मग आपण त्याच खुर्चीत बसलो. वर गेल्यावर वैनगंगेचं सगळं पात्र दिसत होतं आणि तू ओरडून म्हणत होतीस, "दादा, आता घाबरू नको, ह्या खुर्चीवर माही सही आहे!"

मग तुझी ती झडप. लहानपणीच्या तापाने हृदय अधू केलेलं आपल्याला माहीत होतं, पण ऑपरेशनची वेळ आली तेव्हा मी हादरलो. तू शुद्धीवर आल्यावर मी तुझा हात धरून बसलो. तू उशीखालून एक छोटं कार्ड काढून माझ्या नाकासमोर नाचवलंस. आत बसवलेल्या झडपेचा नंबर होता त्यावर, कुठे बनली, कोणी बसवली, सगळं. "पाह्य दादा, नंबरासकट पार्ट बसवला. डॉक्टर आमच्यातले निघाले, तुमच्यातले नाई!" टाके ओढत होते तरी हसत होतीस. मी खोलीबाहेर येऊन रडलो आणि परत आत येऊन तुला सांगितलं, की ती झडप ज्या कारखान्यात बनली तिथे माझ्यासारखेच कोणीतरी उभे होते, नाहीतर तुझा डॉक्टर काय बसवणार होता? तू जीभ दाखवलीस.

हँगरच्या पाळ्या तुला झेपणार नव्हत्या. डॉक्टर मॅडमनी बोलावलं म्हणून तू एटापल्लीच्या पुढे त्यांच्या धर्मादाय दवाखान्यात आलीस. म्हणालीस, हवा बदलायला. तिथे चार जुन्या जीपच्या ॲम्ब्युलन्स होत्या. सूरजागडच्या खाणीचे ट्रक जातात त्या रस्त्याने एक चक्कर मारली की गाडीचं काही ना काही सुटायचंच. तू पोचायच्या थोडं आधी त्यांतली एक, बाळंतपणाची बाई घेऊन येताना नाल्याच्या अलीकडे बंद पडली होती. ती बाई जैवंताची वहिनी. जैवंता तेव्हा ट्रॅक्टर चालवायची. तिने आणि गावातल्या लोकांनी वहिनीला खाटेवर घालून नाला पार केला. वाटेतच बाळ झालं. दोघं वाचले, पण अगदी थोडक्यात. तू शेडमध्ये पहिल्यांदा बोनेट उघडलंस तेव्हा जैवंता तुझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मले हे काम शिकवा. ही गाडी पुन्हा कोणाले नाल्यात सोडली नाई पाह्यजे."

असं तुमचं वर्कशॉप सुरू झालं. मी आलो तो नंतर. माझ्या कारखान्याने तिथला गाशा गुंडाळून दुसऱ्या राज्यात बस्तान हलवलं आणि मी तुला भेटायला म्हणून आलो तो राहिलोच. खरं सांगू? मी आलो ते तुझी गंमत पाहायला. प्लायवूडच्या फळीवर तू प्रत्येक पान्याचा आकार लाल रंगाने काढला होतास. पाना घेतला की त्याच्या जागी आपल्या नावाचा बिल्ला टांगायचा. ज्याने काम केलं त्याने तपासायचं नाही, तपासणी दुसऱ्याने करायची. सहीशिवाय गाडी फाटकाबाहेर नाही. मनोहर ड्रायव्हर वैतागून म्हणायचा, "बाई, जीप आहे, जहाज नोहे." तू म्हणायचीस, "विमानातला माणूस आणि तुह्या जीपमधली बाई, यायच्यात मले फरक दाखव. मंग मी नियम सोडतो."

मनोहर गाडी पुसायला निघून जायचा. माझ्याकडे मात्र उत्तर होतं, आणि ते दाखवायची संधी लवकरच आली.

एका गाडीची ब्रेकची नळी फुटली. तू ती गाडी अशी दुरुस्त केलीस की कारखान्यातून नवी निघावी. नवी नळी, तिचा कागद, तपासणी, सही. तुझ्या दृष्टीने काम संपलं. मी जैवंताला घेऊन फुटक्या नळीपुढे बसलो आणि तिला आमच्या कारखान्यातला खेळ शिकवला, एका बिघाडाला पाच वेळा विचारायचं, काऊन? नळी काऊन फुटली? घासली म्हणून. काऊन घासली? तिला धरणारी क्लिप नव्हती. क्लिप काऊन नाई? स्ट्रेचरचा पाट बसवताना कोणीतरी काढली. काऊन काढली? खालून बोल्ट लांब येत होता, त्याला जागा पाहिजे होती. बोल्ट काऊन लांब? इथे जैवंता उठून उभी राहिली. "भाऊ, पाट तर चारही गाड्यायले एकाच मिस्त्रीनं बसवले." आम्ही उरलेल्या तिन्ही गाड्यांखाली शिरलो. तिन्हीत तोच लांब बोल्ट, तीच क्लिप गायब, आणि तिन्ही नळ्या घासून निम्म्या झालेल्या. अजून एकही फुटली नव्हती.

तू गाडीखाली उतरायच्या खड्ड्याच्या कडेला बसून त्या नळ्यांवरून बोट फिरवत होतीस. मग मान वर करून म्हणालीस, "मी पेशंट पाह्यला दादा. तू साथ पकडली." इतक्या वर्षांच्या भांडणात तुझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं कौतुक. मी तेव्हा नुसतं "हं" केलं. त्या "हं"च्या मागे मी किती उंच उडालो होतो, ते तुला सांगायचं राहिलं.

त्याची परतफेड तू केलीस, तीही व्याजासकट. दुपारची वेळ होती. दोन गाड्यांचं काम नुकतंच आटोपलं होतं, उरलेल्या दोन बाहेर होत्या, आणि फळीवर दहाचा गोटी पाना नव्हता. त्याच वेळी डोंगरापलीकडच्या एका गावातून फोन आला, माणसाला साप चावला. मनोहर किल्ली मागायला धावत आला.

तू म्हणालीस, "नाई. यातली एकही नाई जाणार. पाना सापडेपर्यंत नाई."

मी चिडलो. "कुंदा, वेडी का तू? शंभरातून नव्याण्णव वेळा तो पाना कुठीतरी जमिनीवर पडून असते."

"आणि आज शंभरावी असली तं?"

"माणूस मरून राह्यला तिकडे!"

"म्हणूनच. गाडी पोचली पाह्यजे दादा, निघून काय उपयोग?"

तू डॉक्टर मॅडमना सांगितलंस, की सकाळी सही करून सोडलेली गाडी आलापल्लीहून परत येतेच आहे, तिला रस्त्यातूनच वळवा. ती वळली. इकडे तू बॅटरी घेऊन दोन्ही गाड्या तपासायला लागलीस. जैवंता पाठीवर सरपटत एका गाडीखाली गेली आणि थोड्या वेळाने तिचा नुसता हात बाहेर आला, त्यात पाना. स्टिअरिंगच्या दांडीशेजारी, चेसिसच्या आडव्या पट्टीवर बसला होता. पहिल्या मोठ्या खड्ड्यात तो खाली घसरला असता आणि दांडीत अडकला असता. घाटात असता तर? तोवर दुसऱ्या गाडीने त्या माणसाला उचललं होतं. तो वाचला. पुढे तुला मोहफुलांची टोपली घेऊन भेटायलाही आला. तुला फुलांचं काय करायचं कळेना, तर मायने ती आरमोरीला नेऊन त्यांचे लाडू केले.

त्यानंतर मी दोन आठवडे कोणाला शेडच्या मागे येऊ दिलं नाही. वेल्डिंग केलं, मोडलं, पुन्हा केलं. तुझ्या लाल आकारांच्या फळीमागे मी लोखंडी पट्ट्या बसवल्या. प्रत्येक पाना आपल्या जागी टांगला की त्याच्या वजनाने मागची पट्टी खाली येते. सगळ्या पट्ट्या खाली आल्या तरच किल्ल्यांचा खण उघडतो. एक पाना कमी असेल तर किल्लीच मिळत नाही. कोणी आठवण करायला नको, कोणी अडवायला नको, चूक करायचीच सोय नाही. तुझी मोजणी, माझी युक्ती. तू एक पाना काढून खण ओढलास, उघडेना. पाना लावला, उघडला. पुन्हा काढलास, पुन्हा लावलास. लहान पोरीसारखी किती वेळ तेच करत होतीस. मग म्हणालीस, "हे आमच्या हँगरमध्येबी नव्हतं." आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की मीच तुझ्या झडपेची काळजी केली.

एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. जैवंता सही करायला घाबरायची. "काही झालं तं मलेच पकडतीन ना बाई?" मी म्हणालो, तिचं बरोबर आहे. चूक माणसाची नसते, पद्धतीची असते. मग माणसाच्या नावाची सही कशाला? तू जैवंतालाच उत्तर दिलंस, "सही म्हणजे गुन्हा कबूल करणं नाई. सही म्हणजे, मी पाह्यलं, आता तू निश्चिंत जाय." मला त्यावर सांगायचं होतं, की आमच्या कारखान्यात लाइनवरची कोणतीही बाई, काल लागलेली का असेना, दोरी ओढून सगळी लाइन थांबवू शकायची. सही करायच्या हक्कापेक्षा थांबवायचा हक्क मोठा. मुद्दा चांगला होता. मी तो दिवाळीसाठी राखून ठेवला होता.

मधल्या काळात दवाखान्याच्या विश्वस्तांनी ठरवलं, की गाड्यांचं काम शहरातल्या एका ठेकेदाराला द्यावं. त्यातले एक म्हणाले, "जंगलात जीपचं गॅरेज चालवून राह्यलो आपण, विमानतळ नाही." तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, बाहेरचा परीक्षक आणा. त्याने नापास केलं तर आम्ही स्वतः शेडला कुलूप घालू. सगळ्यांनी मान डोलावली. तिथून निघाल्यावर मी तुला विचारलं, "परीक्षा कोणत्या मानकाची देशीन? तुह्या की माह्या?" तू थांबलीस. मग आपण दोघंही हसलो, कारण दोघांनाही एकदमच कळलं. माझं मानक फक्त गाडीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी. तुझं फक्त विमानांसाठी. जीप दुरुस्त करणाऱ्या शेडला दोन्हीपैकी एकही दार उघडं नव्हतं. इतकी वर्षं भांडलो आणि परीक्षेला बसायचं ते मायच्याच नावाने, साध्या नऊ हजार एकच्या. आत काय भरायचं ते मात्र आपल्या हातात होतं.

आणि मग तुला ताप आला. तू आधी कोणाला सांगितलं नाहीस. डॉक्टर मॅडमनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. झडपेला जंतुसंसर्ग झाला होता, ताबडतोब चंद्रपूर. सकाळी निघालो. मनोहर गाडी चालवत होता, मी तुझ्याजवळ. खाणीच्या ट्रकांनी रस्त्याची पार चाळण केली होती. आलापल्ली गेली, आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली. तू डोळे मिटून होतीस. मला वाटलं झोपलीस. तू हळूच विचारलंस, "दादा, ही गाडी कोणी सोडली?"

"काम मी केलं. सही जैवंतानं."

"पह्यली?"

"हो. पह्यलीच."

"मंग बरं," म्हणालीस आणि खरंच झोपलीस.

गाडी कुठेही थांबली नाही कुंदा. एकही आवाज चुकीचा आला नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी शर्थ केली, जे जे करता येतं ते सगळं केलं, आणि तू तुझ्या बाजूने पुरेपूर लढलीस. तू गेल्यावर मनोहर गाडीच्या दाराला टेकून ढसाढसा रडला. "गाडीनं काही कमी नाई केलं भाऊ," इतकंच म्हणत राहिला. मला तेव्हा ते वाक्य बोचलं होतं. आता तेच मला धरून ठेवतं. तू ज्या गाडीत झोपलीस ती गाडी तू घडवलेल्या माणसांनी सोडली होती, आणि तू निश्चिंत होतीस. तुझ्या सहीचा अर्थ तूच मला दाखवलास. हरलो मी तिथे, आणि इतक्या आनंदाने आयुष्यात कधी हरलो नव्हतो.

आता परीक्षेचं ऐक. परीक्षक नागपूरचे, वयस्क गृहस्थ, बोलायला कमी. दिवसभर प्रत्येक गोष्ट हात लावून पाहिली. फळीवरचा एक पाना गुपचूप खिशात टाकला आणि मनोहरला म्हणाले, किल्ली द्या. मनोहरने खण ओढला, उघडेना. तो त्यांच्या खिशाकडे पाहून म्हणाला, "साहेब, पयले पाना द्या." मग ते जैवंताकडे वळले.

"डॉक्टर मॅडम म्हणाल्या, सही राहू दे, गाडी सोड. सोडाल?"

"नाई."

"विश्वस्त म्हणाले तर?"

"त्यायले म्हणीन, मंग खाली या, गाडीखाली शिरा, पाहा आणि तुम्ही सही करा."

"विमानतळ नाही" म्हणणारे ते विश्वस्त तिथेच उभे होते. सगळ्यांत आधी तेच हसले.

"आणि नोकरी गेली तर?"

जैवंता जराही थांबली नाही. "माही वहिनी खाटेवरून नाल्यातून नेली साहेब. तेव्हा गाडी सोडणाऱ्याचं नाव कोणालेच माहीत नव्हतं. आता माहीत राहीन. आणि थांबवणाऱ्याचंबी."

ऐकलंस? सही आणि थांबवणं, दोन्ही तिने एकाच दमात सांगितलं. दिवाळीसाठी राखून ठेवलेला माझा मुद्दा आणि तुझं उत्तर, दोन्हींची तिने सहज गाठ मारून ठेवली, जणू ते कधी वेगळे नव्हतेच. मी खांबाला धरून उभा होतो. परीक्षकांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी मोटारीचे कारखाने पाहिले, विमानांचे हँगर पाहिले. दोन्ही एकाच पत्र्याखाली पहिल्यांदा पाहतोय. हे कोणी बसवलं?" जैवंता म्हणाली, "बाईनं आणि भाऊनं. भांडून भांडून."

एक शेरा मारला त्यांनी, लपवत नाही. ब्रेक ऑइलच्या उघडलेल्या डब्यावर उघडल्याची तारीख नव्हती. डबा मीच उघडला होता. तू असतीस तर मला रात्रीचं जेवण मिळालं नसतं.

तुला कधी म्हणालो नाही ते आता म्हणतो. तू धाकटी असून मी तुझ्याकडून शिकलो. लाखोंची मोजदाद करता करता एकाच माणसाकडे पाहायचं विसरलेल्या माझ्यासारख्याला तू पुन्हा एका गाडीपुढे, एका बाईपुढे उभं केलंस. तुझ्याशी भांडायला मिळालं, हेच माझं भाग्य. आणि तुझ्याशिवाय मी आता कोणाशी भांडू, हे मला खरंच कळत नाही. माय म्हणते, "जैवंताशी भांड, ते ऐकणारी नोहे." करून पाहतो.

आज सकाळी फाटकापाशी हॉर्न वाजले. बाहेर जाऊन पाहतो तर सिरोंच्याकडून, मुलचेऱ्याकडून, भामरागडच्या वाटेवरच्या दवाखान्यांतून ॲम्ब्युलन्सची रांग लागलेली, लाल धुळीने माखलेल्या. विश्वस्तांनीच रात्री आजूबाजूला फोन करून कळवलं होतं, तेच, विमानतळवाले. सिरोंच्याच्या ड्रायव्हरला घाई होती. खिडकीतून डोकं काढून त्याने विचारलं, "अक्का, किती टाइम लागते?"

जैवंताने फाटक पूर्ण उघडलं, त्याची गाडी पहिली आत घेतली आणि बोनेटची कडी काढत म्हणाली, "सही होईपर्यंत."